घराघरात बंदूक हवी, असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

कुडाळ तालुक्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या काकांनी गेल्या आठवड्यात फोन करून रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज कुठे करायचा, असे विचारले. शेजारच्या वाडीत घरफोडी झाली होती आणि त्यातच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश त्यांच्या हाती पडला होता. शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क आहे, दंडविधानाच्या कलम १०० ने तो दिला आहे, गांधीजींनीही तो मागितला होता, स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदुका असल्याने गुन्हे होत नाहीत आणि बंदूक असलेले घर सुरक्षित राहते, असे त्यात ठासून लिहिले आहे. घाबरलेल्या माणसांना असे काही पाठवणे मला अक्षम्य वाटते.

हक्काची गोष्ट फार वेळ घेण्याजोगी नाही. कलम १०० स्वसंरक्षणाविषयी होते आणि आता त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ ने घेतली आहे. जिवावर बेतलेल्या प्रसंगी हल्लेखोराचा मृत्यू ओढवला तरी तो गुन्हा ठरत नाही, असे ते सांगते, बंदूक बाळगण्याचा हक्क देत नाही. बंदुकीसाठी १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे आणि त्याखाली परवाना घ्यावा लागतो. अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या राज्यघटनेने कोणालाही दिलेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्टपणे नोंदवले आहे.

गांधीजींचे वाक्य खरे आहे, एवढे मान्य करावे लागते. संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिश राजवटीचे सर्वांत काळे कृत्य ठरेल, असे त्यांनी पहिल्या महायुद्धातील सैन्यभरतीच्या पत्रकात लिहिले होते. मात्र त्यांचा रोख १८७८ च्या कायद्यावर होता, ज्यात युरोपियनांना सूट होती आणि हिंदी माणसाला परवान्याची सक्ती होती. वाड्यावस्त्यांवर रिव्हॉल्व्हर वाटण्याच्या समर्थनार्थ ते वापरणे हा अप्रामाणिकपणा आहे.

स्वित्झर्लंडमध्ये घरी असणाऱ्या अनेक बंदुका लष्करी सेवेतल्या आहेत, आणि २००७ नंतर सैनिकांनी घरी काडतुसे ठेवण्याची पद्धत तेथील सरकारने जवळजवळ बंदच केली. मे २०१९ च्या सार्वमतात सुमारे ६४ टक्के मतदारांनी नियम आणखी कडक करण्याच्या बाजूने कौल दिला.

खरा घातक मुद्दा शेवटचा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची, म्हणजे सीडीसीची, २०२१ ची आकडेवारी पाहा: त्या वर्षी तेथे बंदुकीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा बंदूक चोरावर किंवा शत्रूवर नव्हे, तर ती धरणाऱ्यावरच उलटली. स्वित्झर्लंडनेच याचा दुसरा पुरावा दिला आहे: २००३ नंतर सैन्याची संख्या सुमारे निम्मी झाली, घरोघरच्या बंदुका कमी झाल्या, आणि लष्करी वयाच्या पुरुषांमधील आत्महत्या घटल्याचे संशोधकांना आढळले. निराशेचा तीव्र क्षण बहुधा टळतो आणि माणूस वाचतो. हाताशी बंदूक असेल तर तो क्षण टळायला वेळच मिळत नाही. काकांच्या घरात माझा चुलतभाऊ दोन वर्षांपासून नैराश्यावर औषधे घेतो आहे. त्या घरातल्या कपाटात भरलेले रिव्हॉल्व्हर ठेवायला सांगणारा माणूस कोणाचे रक्षण करू पाहतो?

रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाची बंदूक आमच्याकडेही होती. आजोबांची ती ठासणीची बंदूक पडवीत खुंटीला टांगलेली असे, पण दारू आणि छर्ऱ्यांचा डबा आजीच्या पेटीत कुलपात असे आणि किल्ली तिच्या कमरेला. घरात भांडण झाले की आजी ती पेटी उघडायला साफ नकार देई, आणि आजोबांनीही तिला कधी त्यासाठी भाग पाडले नाही.

काकांची भीती खरी आहे. त्यांच्या मागील दाराची कडी अजून लाकडी आहे आणि परसात दिवा नाही. येत्या रविवारी मी सुताराला घेऊन तिकडे जातो आहे. अर्ज मात्र भरून देणार नाही, हे मी त्यांना फोनवरच सांगितले आहे.