‘एक कंपनी, एक लिंक’ : हा सल्ला घेण्याआधी

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या ऑफिस ग्रुपांवर सध्या एक सल्ला जोरात फॉरवर्ड होतोय. खात्याखात्याला वेगळे रिपोर्ट देणं म्हणजे लपवाछपवी; त्यापेक्षा एकच डॅशबोर्ड करा, सगळ्यांना वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट बनवायच्या सामायिक जागेत) घ्या, नको ती पानं लपवा आणि लायसन्सचे पैसे वाचवायचे तर सार्वजनिक लिंक काढून वाटा. उदाहरण पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरचं आहे, म्हणून मीही त्याचंच घेतो.

सगळ्यात घातक मुद्दा आधी : सार्वजनिक लिंक. ‘पब्लिश टू वेब’ने काढलेली लिंक लॉगिन विचारत नाही. ती ज्याच्या हाती पडली, त्याने रिपोर्ट पाहिला. मग तो तुमचा माणूस असो की तुमच्या स्पर्धकाचा. ही सोय जनतेसमोर मांडायच्या आकड्यांसाठी आहे. डीलरांची नावं, मोबाइल नंबर, थकबाकी असं काही तिथे टाकलं तर प्रकरण २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यापर्यंत जातं. डेटाच्या सुरक्षेत हयगय झाल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लायसन्सचा खर्च खरा आहे, नाकारत नाही. एरवी नुसतं पाहणाऱ्यालाही प्रो लायसन्स लागतं. पण पाहणारे शेकड्यांनी असतील तर एफ६४ किंवा त्यावरच्या कपॅसिटीत (कंपनीने एकत्र विकत घेतलेल्या क्षमतेत) त्यांना फुकटचं खातं पुरतं. तो हिशेब आधी मांडा.

‘सगळ्यांना मेंबर करा, तक्रारच येणार नाही.’ तक्रार येणार नाही हे अगदी खरं, कारण काय बिघडलंय ते कोणाला कळणारच नाही. वर्कस्पेसमध्ये चार रोल असतात : ॲडमिन, मेंबर, काँट्रिब्यूटर आणि व्ह्यूअर. कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचं बंधन, म्हणजे रो-लेव्हल सिक्युरिटी, यातल्या फक्त व्ह्यूअरला लागू होतं. समजा, ठाण्याच्या सेल्स ऑफिसरला फक्त ठाणे विभाग दिसावा असा नियम तुम्ही लिहिलात. ‘टेस्ट ॲज रोल’ करून, म्हणजे त्या नियमाने काय दिसेल याची चाचणी घेऊन, पाहिलंत, तर ठाणेच दिसलं. पण त्याला मेंबर केलेलं असेल तर तो स्वतःच्या खात्यातून उघडतो तेव्हा नाशिक, पुणे, भिवंडी सगळं समोर. कुठे एरर नाही की इशारा नाही. वर्कस्पेस हे रिपोर्ट बनवणाऱ्यांपुरतं ठेवावं आणि बाकीच्यांना ॲपमधून, म्हणजे नुसतं पाहण्यासाठी प्रकाशित केलेल्या रिपोर्टसंचातून, द्यावं, हे एवढ्यासाठीच.

‘नको ती पानं लपवा.’ लपवलेलं पान म्हणजे कपाटाला पडदा, कुलूप नव्हे. ॲपमध्ये वेगवेगळ्या गटांना वेगळे रिपोर्ट दाखवता येतात, ती सोय चांगली आहे, पण मागच्या डेटाला ती हात लावत नाही. बिल्ड परवानगी (त्याच डेटावर स्वतःचा रिपोर्ट बनवायची मुभा) असलेला माणूस तेच मॉडेल, म्हणजे रिपोर्टमागचे जोडलेले तक्ते आणि हिशेब, एक्सेलमध्ये जोडून मार्जिनचा कॉलम ओढून बघू शकतो. कॉलम खरोखर बंद करायचा तर ऑब्जेक्ट-लेव्हल सिक्युरिटी लावावी लागते.

आता त्यांचा आवडता शब्द, पारदर्शकता. इथे त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. प्रत्येक खात्याने आपापली फाइल केली की सोमवारच्या मीटिंगमध्ये विक्रीचे तीन आकडे येतात : एकात जीएसटी धरलेला, दुसऱ्यात परत आलेला माल वजा केलेला, तिसरा शुक्रवारीच रिफ्रेश व्हायचा राहिलेला. मग तासभर भांडण. पण यावर उपाय मॉडेल एक ठेवणं हा आहे. पान एक ठेवणं हा नाही. एकाच मॉडेलवर चार रिपोर्ट उभे राहतात आणि आकडा चारही ठिकाणी तोच येतो. तुर्भ्याच्या गोदामातल्या सुपरवायझरला मोबाइलवर एवढंच हवं असतं, कोणती गाडी गेटवर उभी आहे आणि कोणाचं बिल अडकलंय. अकाउंट्सला ३०-६०-९० दिवसांची थकबाकी हवी, तर संचालकांना टार्गेटच्या तुलनेत महिना. तिघांना दहा फिल्टरचं एकच पान दिलंत तर सुपरवायझर ते बंद करून थेट फोन लावतो. सगळ्यांसाठी उघडं ठेवायचंच असेल तर प्रत्येक आकड्याची व्याख्या आणि शेवटच्या रिफ्रेशची वेळ ठेवा. ती कोणी ठेवत नाही, गंमत आहे!

‘गट करत बसायला आयटीकडे वेळ कुठे?’ एकेक नाव टाकत बसलात तर नसेलच. ओळींच्या नियमाच्या रोलमध्ये व्यक्तीऐवजी सिक्युरिटी ग्रुप (कंपनीतल्या खात्यांचा एक गट) टाका. नाहीतर ईमेल आणि विभाग यांचा एक तक्ता करून लॉगिन केलेल्याचा ईमेल देणाऱ्या ‘यूझरप्रिन्सिपलनेम’ फंक्शनने जोडा. ऐरोलीचा माणूस वाशीला गेला की तक्त्यातली एक ओळ बदलते. ती बदलायची जबाबदारी मात्र खातेप्रमुखाची. कोणाची बदली झाली ते आयटीला सगळ्यात शेवटी कळतं.

राहिला ‘नाहीतर रोज मेलवर पाठवा’ हा सल्ला. साध्या सबस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी रिपोर्ट आपोआप मेल करायच्या सोयीत, ज्याने ते लावलं त्याला दिसणारे आकडे सगळ्यांच्या मेलमध्ये जातात. संचालकांच्या खात्यातून लावलेलं सबस्क्रिप्शन असेल तर ते आजच तपासा.