सांगलीकरांचं काम क्लाउडने नाही, निविदेतल्या अटींनी अडवलंय

सांगली-मिरज-कुपवाडच्या उद्योजकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘सरकार सगळं क्लाउडवर नेतंय. काम फक्त परदेशी कंपन्यांना. सरकारी खरेदीत लघुउद्योगांचा २५ टक्के वाटा म्हणजे धूळफेक. बिलं तर निघतच नाहीत. सरकारी कामाचा नाद सोडा.’ क्लाउड म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर इंटरनेटवरून भाड्याने वापरणं. विश्रामबागेत माझं सहा माणसांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. वैताग मलाही येतो. पण हे वाचून ओळखीच्या दोन पोरांनी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची नोंदणी अर्धवट सोडली, म्हणून लिहितोय.

‘फक्त परदेशी कंपन्यांना’ हे खोटं आहे. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त क्लाउड कंपन्यांच्या यादीत अ‍ॅमेझॉन आहे, तशी आपल्या नाशिकची ईएसडीएसही आहे. यादीत यायला तपासणी होते आणि डेटा भारतातच ठेवावा लागतो. तसंही कुपवाडला डेटा सेंटर बांधायला आपल्यातलं कोण निघालं होतं? आपलं काम त्याच्या वरचं: सॉफ्टवेअर, जुन्या नोंदी नव्या जागी नेणं, कर्मचाऱ्यांना शिकवणं, अडलं की तासाभरात जाऊन उभं राहणं.

‘क्लाउडमुळे काम गेलं’ म्हणणाऱ्यांनी जुने दिवस आठवावेत. सर्व्हर, रॅक, यूपीएस आधी पदरच्या पैशाने आणून बसवायचं आणि बिलाची वाट बघायची. अशा एका कामासाठी मी घर तारण ठेवलं होतं. आज तेवढंच काम महिन्याच्या भाड्यावर उभं राहतं.

२५ टक्क्यांबद्दल मेसेज अर्धा चुकतो. २०१२ च्या आदेशात प्रमाण २० टक्के होतं, २०१९ पासून २५ झालं. पण ते बंधन केंद्राच्या खात्यांवर आणि केंद्रीय सार्वजनिक कंपन्यांवर आहे. जिल्हा परिषदेत किंवा महापालिकेत तो कागद दाखवून उपयोग नाही. शिवाय सवलत उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला मिळते, नुसती लायसन्स आणून विकणाऱ्याला नाही. निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम माफ होते, काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव मात्र भरावी लागते.

खरी भिंत वेगळीच आहे, आणि मेसेजमध्ये तिचं नावही नाही. क्लाउडचं भाडं, सॉफ्टवेअर, डेटा एंट्री, पाच वर्षांची देखभाल, सगळं एकाच निविदेत बांधतात आणि वर तीन वर्षांची कोटींतली उलाढाल मागतात. मग मोठी कंपनी काम घेते आणि आपण तिच्या हाताखाली पडेल त्या दराने राबतो. ही अट क्लाउड धोरणातून येत नाही, निविदा लिहिणारा ती घालतो. दर्जा सांभाळून छोट्यांना उलाढाल आणि अनुभवाची अट शिथिल करायला केंद्राच्या नियमांत वाव आहे, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. म्हणून निविदा भरण्याआधी शंकांसाठी होणाऱ्या प्री-बिड बैठकीत लेखी हरकत नोंदवा. गेल्या वर्षी मी तीन ओळींचं पत्र दिलं. शुद्धिपत्रक निघालं, उलाढालीची अट खाली आली. काम मिरजेच्या एका छोट्या फर्मला गेलं, मला नाही. तरीही ते पत्र मी पुन्हा देईन.

बिलं रखडतात, हे खरं. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने बिल द्यायला ४५ दिवसांची कमाल मुदत आहे. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. तक्रार केली तर पुढचं काम जाईल, ही भीती मला माहीत आहे. एका कार्यालयाच्या बिलासाठी मी ११ महिने गप्प बसलो होतो, आता बसणार नाही.

त्या दोघा पोरांनी लघुउद्योग नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र घेऊन शनिवारी दुपारी ऑफिसात यावं. अर्धवट राहिलेली नोंदणी आपण समोर बसून पूर्ण करू.