रिपोर्ट बारशाच्या आत

बाळाचं नाव आपल्याकडे बाराव्या दिवशी ठेवतात. तोपर्यंत दवाखान्याच्या कागदावर ते 'बेबी ऑफ' असतं आणि पुढे आईचं नाव. अशी हजारो 'बेबी ऑफ' माझ्या हाताखालून गेली. जाड फिल्टर पेपरच्या कार्डावर वाळलेले रक्ताचे चार-पाच ठिपके, एवढीच त्यांची माझी ओळख. दोन वर्षांपूर्वी लॅबमधून निवृत्त झाले. इतकी वर्षं मीटिंगांमध्ये जे सांगत आले ते आता सगळ्यांसमोर लिहिते. आपल्या नागपुरात, विदर्भात नवजात तपासणी, म्हणजे बाळाच्या टाचेच्या रक्तातून जन्मजात आजार वेळेत शोधणं, पत्त्यावर अडते. मशीन, किट, शिकलेली मुलं हे सगळं पैसे दिले की मिळतं. सापडत नाही ते बाळ.

माझी सुरुवात बकऱ्याच्या कलेजीपासून झाली. १९८७ मध्ये पीएचडीसाठी अर्जिनेज हे एन्झाइम घेतलं. (एन्झाइम म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन. पुस्तकात 'विकर' म्हणतात, लॅबमध्ये तो शब्द मी कधी ऐकला नाही.) पहाटे साडेपाचला मोमिनपुऱ्यात जायचं, ताजी कलेजी थर्मासमधल्या बर्फात ठेवायची आणि लुनावर लॅब गाठायची. घरी आजी माळकरी. तिने एकदा विचारलं, "कशासाठी गं हे सगळं?" मी सांगितलं की शरीरातलं विषारी अमोनिया युरिया करून बाहेर टाकायच्या कामातली ही शेवटची पायरी आहे, हे एन्झाइम नसलं तर लेकराचं डोकं आणि पाय दोन्ही अधू होतात. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग आण."

अर्जिनेज दणकट असतं. मँगनीज घालून ५५ अंशांवर तापवलं की उलट जास्त जोमाने काम करतं. त्यामुळे मे महिन्यात लाइट गेली तरी माझा जीव खालीवर होत नसे. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मात्र रडकुंडीला यायची, फ्रिज बंद पडला की तिचं एन्झाइम गेलंच. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, सोसायची ताकद वेगळी. हे मी तेव्हा आलेखांवर शिकले.

त्याच काळात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रा. एन. अप्पाजी राव यांचं काम वाचनात आलं. सेरीन हायड्रॉक्सिमिथाइलट्रान्सफरेज या एन्झाइमवर वर्षानुवर्षं काम करणारा हा माणूस. ऐंशीच्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या लाखाच्या घरातल्या नवजात बाळांचं रक्त अमिनो आम्लांच्या विकारांसाठी तपासलं होतं. पोस्टकार्ड टाकून मागवलेला तो पेपर माझ्याकडे अजून आहे. त्याच्या मागे लागून अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्रींपर्यंत पोचले. त्यांचा स्वतःचा मुलगा गतिमंद होता, नात्यातल्या एका मुलीला पीकेयू, म्हणजे फिनाइलअॅलनिन हे अमिनो आम्ल न पचण्याचा आणि मेंदू बिघडवणारा जन्मजात आजार होता आणि तो कळायला उशीर झाला होता. १९६० च्या सुमारास त्यांनी फिल्टर पेपरवरच्या वाळलेल्या रक्तातून तो ओळखायची युक्ती काढली. रक्तात फिनाइलअॅलनिन जास्त असेल तर ठिपक्याभोवती जिवाणू वाढतात, नसेल तर वाढत नाहीत. इतकी साधी. पीएचडी संपताच मी कलेजी सोडली आणि कार्डांकडे वळले.

कार्डांवरच्या तपासण्यांत मला सगळ्यात जवळची बायोटिनिडेजची. हे एन्झाइम बायोटिन हे जीवनसत्त्व मोकळं करून शरीराला परत देतं. ते नसेल तर झटके येतात, केस गळतात, ऐकू येणं जातं. उपाय काय, तर रोज तेच बायोटिन, बहुतेकांना ५ ते १० मिलिग्रॅम, आयुष्यभर. तपासणीत कार्डाचा ३ मिलिमीटरचा तुकडा छोट्या खाचेत टाकतात. एन्झाइम असेल तर शेवटी जांभळट रंग येतो. सगळ्या प्लेटवर रंग चढत असतो आणि आपण बघत असतो ती एखादी फिकी राहिलेली खाच.

एका मे महिन्यात एकाच दवाखान्याच्या गठ्ठ्यात अशा सहा खाचा फिक्या निघाल्या. इतका दुर्मिळ आजार एका आठवड्यात सहा बाळांना होणं शक्यच नव्हतं. मी स्वतः त्या वॉर्डात जाऊन उभी राहिले. सिस्टरने टाचेच्या कडेला बरोबर टोचलं, पहिला थेंब पुसला, गोल नीट भरले, सगळं पुस्तकात आहे तसं. आणि मग कार्डं लवकर वाळावीत म्हणून कूलरसमोर मांडली. वाळ्याच्या टट्टीतून येणारी ती ओली गार हवा! कार्डं धड वाळायची नाहीत, तशीच प्लास्टिकच्या पिशवीत जायची, आणि पिशवी ४५ अंशांत कुरिअरवाल्याच्या डिकीत. ऊन आणि ओल एकत्र आली की बायोटिनिडेज टिकत नाही, गॅलॅक्टोसेमियाचं (दुधातली साखर न पचण्याच्या आजाराचं) एन्झाइम टिकत नाही, तांबड्या पेशींना जपणारं जीसिक्सपीडी टिकत नाही. सहा घरांना आम्ही उगाच घोर लावला होता. सिस्टरची काही चूक नव्हती, नागपूरच्या उन्हाळ्यात कार्ड कसं वाळवायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आडवं ठेवून, सावलीत, कूलरपासून लांब, तीन-चार तास. त्या वॉर्डात आम्ही एक फळी ठोकून दिली आणि प्रश्न मिटला.

फळी ठोकून मिटणारे प्रश्न सोपे असतात. दुसरी गोष्ट तशी नाही.

२०१४ चा मे. एका मुलीचं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, शंभरच्या वर, म्हणजे थायरॉइड जवळजवळ काम करत नाही. आपल्या देशात हजार-बाराशे जन्मांमागे एका बाळाला हे असतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल चारचौघांसारखं वाढतं, उशीर झाला तर मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. रिपोर्ट नवव्या दिवशी माझ्या हातात होता. कार्डावर पत्ता नंदनवनचा, सासरचा. नंबर वडिलांचा, तो बंद. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, पहिलं बाळंतपण, सून माहेरी गेली, आर्वीकडे कुठेतरी. दवाखान्यात आईचं नाव आधार कार्डाप्रमाणे माहेरचं आणि आमच्या कार्डावर सासरचं, त्यामुळे दोन कागद एकमेकांना जुळेनात. शेवटी गाव कळलं तेव्हा मी एसटीने गेले. एकतिसावा दिवस होता.

आजीने मोठ्या कौतुकाने बाळ माझ्या मांडीवर दिलं. "लय गुनाचं लेकरू हाय बाई, रळतच नाही." अंग गार, कातडी कोरडी, बेंबी फुगलेली, जीभ जरा बाहेर, डोळ्यांत महिन्याची कावीळ तशीच. शी चार-चार दिवसांनी. आजी ज्याला गुण म्हणत होती ते एकूण एक लक्षण होतं. संध्याकाळी डॉक्टरांकडून पहिली गोळी मिळाली, चमच्यात आईच्या दुधात चुरून दिली. महिन्याची गोळी चहा-पोह्यांच्या खर्चात येते.

ती मुलगी आज शाळेत जाते, छान बोलते. गणितात अडखळते. तिची आई दर परीक्षेनंतर मला फोन करते. ते अडखळणं त्या दिवसांमुळे की एरवीही तसंच असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. चौदाव्यापासून एकतिसाव्यापर्यंत सतरा दिवस होतात.

म्हणून माझं मागणं आहे. कार्डावर बाळंतिणीचा सव्वा महिना कुठे जाणार ते लिहून घ्या. आजोळचं गाव, आजीचा किंवा मामाचा नंबर, आईचं माहेरचं नाव. रिपोर्ट बारशाच्या आत घरी पोचला पाहिजे, ही मुदत प्रत्येक आजीला कळते, तिला दिवस समजावून सांगावे लागत नाहीत. पोचवणारं माणूसही आहे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळ बघायला घरी जातेच. तिच्या गावात आलेल्या बाळाचा रिपोर्ट तिच्या फोनवर का जात नाही? प्रत्येक जिल्ह्यात या एका कामासाठी पगारी माणूस नेमा, नव्या मशीनच्या आधी नेमा. गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू केली होती, तेव्हा हे होऊच शकत नाही असं मला कुणी सांगू नये.

आणि सिकलसेल, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम आहे, ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी चालू आहे, आपल्या भागात तिची नितांत गरज आहे. पण शिबिरात करतात ती विरघळण्याची चाचणी नवजात बाळावर चालत नाही, कारण जन्मतः रक्तात बहुतेक गर्भातलंच हिमोग्लोबिन असतं. त्याच टाचेचा तोच थेंब हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या एचपीएलसी मशीनवर लावला तर सिकलसेल तिसऱ्याच दिवशी कळू शकतो आणि जंतुसंसर्ग टाळणारं पेनिसिलिन वेळेवर सुरू होतं. एकदा टोचतोच आहोत तर थायरॉइड, जीसिक्सपीडी आणि सिकल एकाच कार्डावर करा.

जीसिक्सपीडीचं मुद्दाम सांगते. ज्या बाळात हे एन्झाइम कमी असतं त्याच्या तांबड्या पेशी डांबरगोळ्यांच्या नुसत्या वाफेनेही फुटू शकतात आणि कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. आपण दुपटी, झबली, आजीच्या जुन्या मऊ साड्या कुठे ठेवतो? ट्रंकेत, डांबरगोळ्या घालून.

गेल्या रविवारी नागपुरातल्या महाल भागात वहिनीकडे पुतणीचं डोहाळजेवण होतं. पंगत उठल्यावर तिच्या फाइलमध्ये मी एक चिठ्ठी लावून दिली. सासरचं नाव, माहेरचं नाव, महालचा पत्ता, वहिनीचा आणि दादाचा नंबर. मग वहिनीला डांबरगोळ्यांचं सांगितलं. हातातलं ताट तिथेच ठेवून ती आतल्या खोलीत गेली आणि ट्रंकेची कडी वाजली.