जॉर्ज रॅम्से आणि शंभर पौंडांची जाहिरात

व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर फिरत आहे. ग्लासगोच्या जॉर्ज रॅम्से यांनी 1874 मध्ये ॲस्टन व्हिला हा इंग्लंडमधील फुटबॉल क्लब स्थापन केला, कोणत्याही समितीला न जुमानता एकट्याने संघ निवडून सहा वेळा एफए कप ही इंग्लंडची फुटबॉल स्पर्धा जिंकली, हा विक्रम आजही अबाधित आहे आणि इंग्रजांना पासिंगही, म्हणजे चेंडू एकमेकांकडे देत खेळणेही, त्यांनीच शिकवले, असे त्यात म्हटले आहे. शेवटी तात्पर्य दिले आहे की, समिती आली की संघ बुडाला. माझा भाचा हे सारे शाळेच्या प्रकल्पवहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेताना दिसला, तेव्हा गप्प बसवेना.

स्थापनेचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. 1874 मध्ये क्लब काढला तो बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातील व्हिला क्रॉस वेस्लियन चॅपलशी संबंधित तरुणांनी; रॅम्से तेथे 1876 मध्ये आले. त्यांच्या समाधीशिलेवर ‘संस्थापक’ असे कोरलेले आहे, हे मान्य. पण शिलालेखाने दोन वर्षे मागे सरकत नाहीत.

खरा संताप येतो तो समितीच्या मुद्द्याचा. जून 1886 मध्ये बर्मिंगहॅमच्या वृत्तपत्रात क्लबने व्यवस्थापक हवा असल्याची जाहिरात दिली होती. नेमलेल्या माणसाने आपला सर्व वेळ ‘समितीच्या निर्देशाखाली’ द्यावा आणि त्याला वर्षाला 100 पौंड पगार मिळेल, असे तीत स्पष्ट छापले होते. ज्या जागेवर बसून रॅम्से यांनी समिती झुगारल्याचे सांगितले जाते, त्या जागेची पहिली अटच समिती ही होती! त्या काळी संघनिवड समितीच करीत असे. सचिव या नात्याने रॅम्से खेळाडू हेरत, करारमदार पाहत आणि क्लबचा कारभार चालवीत. 1926 पर्यंत, म्हणजे तब्बल 40 वर्षे, त्यांनी हे काम केले आणि त्या काळात व्हिलाने सहा लीग विजेतेपदे व सहा एफए कप मिळवले. याच कामगिरीवरून समिती निरुपयोगी असल्याचे तात्पर्य काढणाऱ्याने ती जाहिरात एकदा तरी वाचायला हवी होती. आज ज्याला आपण मॅनेजर म्हणतो, तो अधिकार रॅम्से यांना नव्हता, आणि तरीही त्यांचे कर्तृत्व मोठेच आहे.

सहा कपांचा विक्रम 2017 मध्ये आर्सेनल क्लबचे तेव्हाचे व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांनी सातवा कप जिंकून मोडला. मजकूर लिहिणाऱ्याला तेवढेही तपासावेसे वाटले नाही.

पासिंगच्या दाव्यात मात्र थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. स्कॉटिश खेळाडूंनी, विशेषतः ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबच्या, हा सांघिक खेळ रुजवला आणि व्हिलात त्याचे वारे रॅम्से यांच्यापासून वाहू लागले. परंतु ते स्वतः चेंडू पायाशी घेऊन धावण्यासाठी अधिक प्रसिद्ध होते, आणि मैदानावर हा खेळ मुरवण्यात 1878 मध्ये आलेल्या आर्ची हंटर या दुसऱ्या स्कॉटिश खेळाडूचा वाटा फार मोठा होता. 1887 चा पहिला कप व्हिलाने जिंकला तेव्हा कर्णधार हंटरच होते, आणि त्यांचे नाव त्या मजकुरात एकदाही आलेले नाही.