आमच्यासाठी पोरांना बाहेर बसवू नका

आमच्या सोलापूरच्या चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय. भक्ती, म्हणजे चर्चमधली उपासना, आता यूट्यूबवर लाईव्ह जाते, आणि उपदेश चालू असताना कुणाचं तरी बाळ रडतं, कुणाचं पोरगं बाकांमधून पळतं, ते सगळं बाहेरगावच्या लोकांना ऐकू जातं, म्हणून पाच वर्षांच्या आतल्या पोरांना भक्तीच्या वेळी बाजूच्या खोलीत बसवा असा ठराव पंचांपुढं आणायचाय म्हणे. वर एकानं लिहिलं, फॉरेनला असंच असतं, विचारा आमच्या दाजींना. दाजी म्हणजे मी. आता विचारलंय तर सांगतो.

इथं इंग्लंडात लेस्टरला आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चमध्ये, पोरांचा ग्रुप हॉलमध्ये भरतो, हे खरं आहे. डीबीएस, म्हणजे पोरांबरोबर काम करण्याआधीची सरकारी गुन्हे-तपासणी, झालेल्या दोन बायका असतात, स्क्वॉश-बिस्किट असतं, चित्रं रंगवणं असतं, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, वेळी सगळी रांगेनं आत येऊन रेलिंगपाशी आशीर्वाद घेतात. मनापासून करतात त्या बायका, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तीच पोरं अकरा-बारा वर्षांची झाली की हॉलसाठी मोठी होतात, आत बसायची सवय नसते, मग रविवार सकाळचा फुटबॉल सुरू होतो आणि संपलं. बाकांवर सगळी पांढरी डोकी. जुन्या चर्चचे फ्लॅट झालेले इथं मी रोज बघतो. एवढ्या एकाच कारणानं झालं असं मी म्हणत नाही, पण तुम्ही जे आज सुरू करताय ते यांनी आधीच करून बघितलंय.

आणि यांनाही ते कळलंय. २००४ साली पोर्ट्समथजवळच्या एका चर्चनं मेसी चर्च सुरू केलं, आईबाप आणि पोरं एकाच टेबलाला, कागद-रंग-डिंक, मग छोटीशी उपासना, मग एकत्र जेवण, आणि ते किती देशांत पसरलं. नाताळच्या आसपास ख्रिस्टिंगलची भक्ती असते, प्रत्येक पोराच्या हातात संत्रं, ते जग, त्यावर मेणबत्ती म्हणजे ख्रिस्त, लाल फीत म्हणजे त्याचं रक्त. १७४७ ला जर्मनीत मोरावियन पंथाच्या लोकांनी पोरांसाठीच मेणबत्त्या देऊन सुरू केलेलं, १९६८ ला इंग्लंडच्या चर्चमध्ये आलं. हातात पेटती मेणबत्ती असली की पोरगं आपोआप जागेवर उभं राहतं, गप्प बस म्हणावं लागत नाही.

संडेस्कूल आहेच की, असं कुणी तरी लिहिलंय. अहो, रॉबर्ट रेक्सनं १७८० च्या सुमारास ग्लॉस्टरला संडेस्कूल काढलं ते आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब पोरांना वाचता यावं म्हणून. मोठ्यांना शांतता मिळावी म्हणून नाही. आणि ज्या सोलापुरात मिशनच्या मडमांनी शंभर वर्षांपूर्वी पोरांसाठी किंडरगार्टन चालवलं त्याच गावात पोरांची अडचण व्हावी? बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढून बघा. पोरांना आणणाऱ्यांना दटावलं म्हणून येशू आपल्याच शिष्यांवर रागावला. येरुशलेमच्या देवळात पोरं येशूला होसान्ना म्हणून ओरडत होती तेव्हा कुणाला खुपलं? याजकांना आणि शास्त्र्यांना.

आमच्या लहानपणी पुढं सतरंजी असायची, सगळी पोरं तिथं, पाळकसाहेबांच्या अगदी समोर. मागच्या बाकावरनं पोराला मोठ्यांच्या पाठीशिवाय दिसतंच काय? आजीला अक्षरं नीट लागायची नाहीत, म्हणून बोर्डावरचा आकडा बघून उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातनं गीत काढून द्यायचं काम माझं. गीत सुरू व्हायच्या आत पान सापडलं पाहिजे, ही केवढी जबाबदारी. अर्पणाचं नाणं तिच्या पदराच्या गाठीत, गाठ मीच सोडायचो. सोलापुरात पोरं गल्लीत खेळता खेळता तेलुगू-कन्नड बोलायला लागतात, आधी भाषा शीक मग खेळायला ये असं कुणी म्हणत नाही, भक्तीचंही तसंच आहे. आता काय चाललंय, आता काय येणार, ते कानात सांगा. टाळ हातात द्या, कवी ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन आपल्या मंडळीत आणलं ते हातावर हात ठेवून बसायला नाही. रडलं तर आईनं व्हरांड्यात जावं आणि परत आत यावं, तिच्याकडं वळून बघू नका म्हणजे झालं.

मला एवढं का लागलं तेही सांगतो. ही शांतता आमच्यासारख्यांसाठी मागताय तुम्ही. तुमची भक्ती सुरू होते तेव्हा इथं पहाट असते, म्हणून मी नंतर रेकॉर्डिंग लावतो, आणि मागनं कुणाचं तरी पोरगं रडतं, कुणीतरी अक्का ‘श्श, गप’ म्हणते, तेव्हा मला वाटतं की मी मंडळीत बसलोय. तो आवाज काढला तर मग मी नुसता व्हिडिओ बघतोय. माझी लेक सहा वर्षांची आहे, इंग्लिश भक्तीत कधी उभं राहायचं तिला बरोबर कळतं, पण मराठीत प्रभूच्या प्रार्थनेतलं ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणते आणि पुढं माझ्या तोंडाकडं बघते. एकटा बाप घरात किती शिकवणार? मी स्वतः सतरंजीवर शंभर तोंडांबरोबर शिकलो होतो. वर्गणी अजून भरतो मी, यादीत नाव आहे, पण तिचं नाव कुठल्या मंडळीचं हे मला सांगता येत नाही.

आवाजाचंच दुखणं असेल तर मोबाईलचा माईक बंद करा आणि मिक्सरमधनं वायर काढून थेट लाईव्हला द्या, पाळकसाहेबांचा माईक स्पष्ट येईल, बाकीचं हळू. कुणाला जमत नसेल तर मी व्हिडिओ कॉलवर करून देतो. आणि नाताळला आम्ही येतोय. लेकीला पुढंच बसवणार आहे, ठराव झाला तरी.