प्रवासात लिहायचं म्हणे!

"प्रवासात वेळच वेळ, लिहून टाक की!" म्हणणाऱ्याला एकदा मधल्या सीटवर बसवा. पुढचा गडी सीट मागे रेलतो आणि लॅपटॉपचा स्क्रीन निम्मा मिटतो. बरं, वही काढावी तर शाईपेन गळतं. विमानात हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा उतरतो. अर्धवट भरलेल्या पेनातली हवा फुगते आणि शाई थेट टोपणात. म्हणून पेन काठोकाठ भरा नाहीतर पार रिकामं करा, आणि निब वरच ठेवा. फोनवर ऑफलाइन लिहिलं, तर नेट येताच एकाच मसुद्याच्या दोन प्रती! दोन्हींत एकेक परिच्छेद नवा, आता बसा जुळवत. आणि हॉटेलातला प्लग पॉइंट? पलंगामागे, अर्थातच.