दारू सोडवणारी गोळी जेवणातून गुपचूप देण्याबाबत खुलासा

‘व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेल्या माणसाच्या जेवणात डायसल्फिराम गोळीची पूड नकळत मिसळा, तो पुन्हा पिणार नाही’ हा फिरणारा संदेश चुकीचा आणि धोकादायक आहे. हे औषध शरीरात दारूपासून तयार होणाऱ्या ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्याचे विघटन रोखते. त्यामुळे वर दारू घेतल्यास उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब कोसळतो आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. गोळी थांबवल्यानंतरही हा परिणाम 14 दिवसांपर्यंत राहू शकतो. रुग्णाला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय ते देऊ नये, अशी सक्त सूचना औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच आहे. शिवाय फसवणूक उघड झाली की घरच्यांवरचा विश्वास तुटतो, आणि नुकत्याच परतलेल्या माणसाला त्याचीच सर्वाधिक गरज असते. डॉक्टरांकडील पाठपुरावा आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटाच्या सभा चालू ठेवाव्यात. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका.